पिकअपला पाचवा गिअर बसवला तेव्हा

आमची पिकअप मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. आधीच्या मालकानं तिच्यातून मोसंबी वाहिली होती, त्याच्या आधीच्यानं दुधाचे कॅन. समोरून जीपसारखी दिसते, गोल दिव्यांची, चपट्या नाकाची, आणि मागं लांबलचक लोखंडी हौदा. आता तसल्या गाड्या रस्त्यावर फारशा दिसत नाहीत. पंपावर थांबलो तर कॉलेजची पोरं तिचे फोटो काढतात. मला मात्र ती आवडली होती एकाच कारणासाठी: आमचं सगळ्यात मोठं पातेलं तिच्या हौद्यात आडवं न करता सरळ बसत होतं.

तलवाड्यात आमचा लग्नकार्याला भांडी आणि मंडप भाड्यानं द्यायचा धंदा आहे. धंदा दोघांचा, माझा आणि बायकोचा. गाडी, बांबू, कनाती आणि गडी मी बघतो. भांडी तिच्या ताब्यात. कुठल्या आचाऱ्याला कोणती कढई लागते, कुठल्या गावच्या पंगतीत वाट्या कमी पडतात, कोण परात परत देताना तिच्यात तळणाचं तेल तसंच ठेवतो, हे सगळं तिला तोंडपाठ. त्यामुळं भांडी पोचवायला आणि परत आणायला ती कायम गाडीत माझ्या शेजारी. नवीन लग्न झालेल्या जोडप्यालाही एकमेकांचा एवढा सहवास मिळत नसेल.

पण त्या सहवासात बोलणं म्हणून काही नव्हतं. गाडीला गिअर चार. चौथा टाकला की पुढं दुसरं काही नाही. पूर्वी रस्तेच असे होते की चौथ्याचीसुद्धा पाळी क्वचित यायची, त्यामुळं कुणाला काही वाटायचं नाही. मग रस्ते झाले. गेवराईजवळचा हायवे तर असा झाला की तिथं आमची गाडी म्हणजे बैलगाडी. मागून येणारे ट्रक हॉर्न मारून मारून जीव खायचे. म्हणून मी पाय दाबायचो. आणि पाय दाबला की इंजिन किंचाळायला लागायचं. गिअरबॉक्सचा आणखी वेगळा, रडका सूर. केबिनचा सगळा पत्रा थरथरायचा. शेजारचा माणूस काय म्हणतोय ते ऐकायला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागायचा, आणि गाडी चालवताना ते कसं जमणार?

मग आम्ही खुणा करायचो. तिनं तळहात खाली दाबला की हळू चालवा. दोन बोटं ओठाला लावली की चहाला थांबा. मुठीनं हवेत ढवळल्यासारखं केलं की कढई मागं राहिली. अशी आमची भाषाच तयार झाली होती. गड्यांनाही ती कळायला लागली होती.

एकदा दुपारी आम्ही अंगणात भांडी घासून उन्हात पालथी घालत होतो. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आवो, रातकिडे दिवसा कावून ओरडायलेत?"

मी कान दिला. रातकिडे नव्हते. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, तेवढाच आवाज.

"मला न्हाई ऐकू येत," मी म्हणालो.

"मला तर लई दिवसांपास्नं येतंय," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांनाच येतंय."

तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. पुढं तिची धाकटी बहीण फोनवर माझ्याशी बोलली. ती अंबाजोगाईला दिलेली आहे. ती म्हणाली, "दाजी, अक्का फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायला लावायली. इकडं घेऊन या तिला. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कानाची तपासणी होती."

म्हणून आम्ही अंबाजोगाईला गेलतो. त्याच गाडीनं. तिथं एका छोट्या काचेच्या खोलीत तिला बसवलं, कानांना मोठे हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. काचेतून ती दिसत होती, शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसलेली, बोट तयार ठेवून. इकडं तपासणाऱ्या बाई बटण दाबत होत्या. बोट उठायचं. पुन्हा दाबायच्या, पुन्हा उठायचं. मग असं व्हायला लागलं की बाई बटण दाबतायत आणि बोट जागचं हलत नाही. ती आपली समोर बघत वाट पाहतेय. तो आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाहीये हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तिला विचारलं, "कुठल्या कारखान्यात काम करता तुम्ही?"

"कारखान्यात न्हाई," ती म्हणाली. "ह्यांच्या गाडीत बसते."

डॉक्टर हसले, पण मी हसलो नाही हे बघून गप्प झाले. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, गेल्या त्या परत येत नाहीत. बारीक आवाज आधी जातात. पण अजून पुष्कळ शिल्लक आहे. आवाजापासून लांब राहिलं तर आहे ते टिकेल, कानातले रातकिडेही कदाचित कमी होतील. तसंच चालू ठेवलं तर वाढत जाईल. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा.

"आणि तुमचे कान?" त्यांनी मला विचारलं. माझेही तपासले. थोडे गेले होते, पण तिच्याएवढे नाहीत. सायलेन्सरचा पाइप तिच्या बाजूनं, तिच्या पायाखालून जातो. शिवाय प्रत्येकाचा कान वेगळा असतो म्हणाले.

येताना तिच्या कानात कापसाचे बोळे. माजलगावला चहाला थांबलो तेव्हा तिनं ते काढले आणि शांतपणे म्हणाली, "मी आता घरी बसते. भांड्याला तुमी एखादा गडी ठेवा."

आमच्या धंद्यात ती नाही म्हणजे काय, ते मला कळत होतं; पण त्याहून जास्त मला त्या रिकाम्या सीटचं वाटलं. मी म्हणालो, "न्हाई. तू घरी बसणार न्हाईस. गाडीच विकतो."

"आन् भांडी डोक्यावर नेणार?" ती म्हणाली.

पुण्यातला मुलगाही फोनवर तेच म्हणाला, विकून टाका, छोटा टेम्पो घ्या. आम्ही एक छोटा टेम्पो बघूनही आलो. त्यात बसलो, फिरवला. आवाज नव्हता, खरंच नव्हता. पण बघायला म्हणून बरोबर नेलेलं मोठं पातेलं त्यात बसेना. आडवं घातलं तर मागचं फळकं लागेना, आणि बांबू तर रस्त्यावरच लोंबायला लागले. बायको टेम्पोच्या मागं उभी राहून पातेल्याकडं आणि टेम्पोकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि मग हातानंच "चला" म्हणाली.

गेवराईत माझा मिस्त्री आहे. माझ्याच वयाचा, गाडीला हात लावणारा पहिल्यापासून तोच. मी त्याला सांगायला गेलो, गाडीला गिऱ्हाईक बघ म्हणून. तो एका ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. खालूनच म्हणाला, "कावून विकायलास बे? चांगली हाय की."

मी कानाची सगळी गोष्ट सांगितली. तो सरकत बाहेर आला, चिंधीला हात पुसत उठून बसला.

"आवाज इंजिनचा न्हाई रे," तो म्हणाला. "इंजिन बिचारं चांगलं हाय. त्याला पळवायलास तू. चौथ्यात इंजिन जेवढं फिरतं तेवढाच मागचा शाफ्ट फिरतो. साठनं जायचं म्हणजे त्याचा जीव जातो. त्याच कंपनीच्या नंतरच्या पिकअपला पाच गिअर हायेत. पाचव्यात इंजिन कमी फिरतं आन् शाफ्ट जास्त. तेवढ्याच पळण्याला इंजिन निम्मंअर्धं ओरडतं. तो गिअरबॉक्स तुझ्या गाडीला टाकू."

"बसंल?"

"इंजिनला बसंल. बाकीचं बसवू."

'बाकीचं बसवू' ह्या दोन शब्दांत पुढं काय काय होतं ते त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मला नव्हतं.

बीडला भंगारच्या बाजारात त्याला हवा तसा गिअरबॉक्स मिळाला. समोरून धडकलेली एक पिकअप होती, पुढचा सगळा चुराडा, पण मधलं सगळं शाबूत. मिस्त्रीनं खालचा बोल्ट काढून तेल तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. तेलात लोखंडाची चमकी दिसली असती तर त्यानं तो उचललाच नसता. तेल काळं होतं पण स्वच्छ होतं. आम्ही तो आमच्याच हौद्यात टाकून आणला, पातेल्याखाली अंथरायचं पोतं त्याच्याखाली घालून.

कामाला मुहूर्त निघाला पितृपक्षाचा. त्या दिवसांत लग्नं नसतात, गाडी रिकामी. शेजारचा दुकानदार म्हणाला, ह्या दिवसांत नवीन काम काढू नये. मिस्त्री म्हणाला, "गाडी जुनी, गिअरबॉक्स जुना, मिस्त्री जुना. नवीन काय हाय ह्यात?"

बायको रोज माझ्याबरोबर गॅरेजला यायची. घरी बसून जीवाला घोर लागतो म्हणायची. दोघांचा डबा आणायची आणि लिंबाखाली बाजेवर बसून बघायची.

जुना गिअरबॉक्स साखळीच्या पुलीनं खाली उतरवला आणि नव्याच्या शेजारी ठेवला तेव्हा पहिली अडचण दिसली. नवा वीतभर लांब होता. म्हणजे मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट तेवढा आखूड करायला हवा. दुसरी अडचण क्लचप्लेटची. तिच्या मधल्या भोकाचे दाते नव्या गिअरबॉक्सला बसेनात, म्हणून त्या नंतरच्या पिकअपची प्लेट आणली. तिसरी अडचण मात्र खरी मोठी निघाली. गिअरबॉक्स वर चढवला, बोल्ट आवळले, आणि बघतो तर गिअरचा दांडा केबिनमधे निघाला तो थेट सीटच्या कडेतून. सीट गाडीला एकच सलग आहे, आणि तिला बायकोनं स्वतः शिवलेलं निळ्या रेक्झिनचं कव्हर आहे.

मिस्त्रीनं करवत उचलली. "एवढा तुकडा कापून टाकतो."

लिंबाखालून आवाज आला, "मिस्त्री, सीट कापायची न्हाई."

"वहिनी, मग दांडा कुठून काढू?"

"ते तुमी बघा. मी बसायची जागा कापायची न्हाई."

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघायला लागलो. शेवटी त्यानं दांडाच काढला, गॅसवर लालभडक तापवला, पुढं वाकवून परत वर उभा केला. बसवल्यावर तो हंसाच्या मानेसारखा दिसायला लागला, आणि सीटपासून हातभर पुढं आला. हाताला तो आधीच्यापेक्षा सोयीचा वाटला. मिस्त्री म्हणाला, "मला आधी सुचायला पायजे होतं," आणि तिनं आणलेल्या डब्यातली भाकरी घेतली.

शाफ्ट लेथवाल्याकडं पाठवला. त्यानं कापून, आखूड करून, जोडून, वर काळा रंग मारून परत दिला. नवा दिसत होता. तो बसवला, तेल भरलं आणि आम्ही तिघं गाडीत बसलो. मी चालवायला, बायको मधे, मिस्त्री दाराकडं.

गावातून निघालो तेव्हा सगळं छान. पहिला, दुसरा, तिसरा. हायवेला लागलो, चौथा. मग मी दांडा उजवीकडं ओढून पुढं ढकलला आणि पाचवा पडला. इंजिनचा आवाज एकदम खाली बसला, उकळत्या दुधात पाणी शिंपडावं तसा. मी मिस्त्रीकडं बघून हसलो. तेवढ्यात गाडी वाढली, आणि खालून घूंऽऽ असा आवाज निघाला. आधी हळू, मग मोठा, मग इतका की आरसा थरथरायला लागला आणि त्यात मागचं काही दिसेना. दात वाजत होते. वेग कमी केला की कमी, वाढवला की पुन्हा. आधीचा गोंगाट परवडला, पण हा नको, असा तो आवाज होता. हाडात शिरणारा.

मी गाडी कडेला घेतली. बायकोनं दोन्ही हात कानावर धरले होते. ते काढून ती म्हणाली, "आधीचंच बरं होतं."

त्या दिवसाइतका मी कधीच खचलो नव्हतो. जुना गिअरबॉक्स भंगारात गेला होता, तेल गळत होतं म्हणून. सीझन तोंडावर आला होता. आणि मुख्य म्हणजे मी तिला शब्द दिला होता. वीस-पंचवीसच्या वेगानं कसेबसे गॅरेजला परतलो.

मिस्त्रीनं सगळं पुन्हा तपासायला घेतलं. इंजिनखालची रबरं बदलली. आवाज तसाच. चाकं बदलून बघितली. तसाच. गिअरबॉक्समधेच काहीतरी बिघाड असणार असं तो पुटपुटायला लागला, आणि तो पुटपुटायला लागला की मला भीती वाटते. तेवढ्यात बायको बाजेवरून उठून आली.

"मिस्त्री, तुमी सगळं पुढं शोधायलात," ती म्हणाली. "आवाज पुढून येत न्हाई. मला आवाज नीट कळत न्हाई, पण पायाला कळतं. मुंग्या टाचांना आल्या, बोटांना न्हाई. सीटच्या मागल्या अंगानं येतंय ते."

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिला. मग गाडीखाली गेला. मीही गेलो. त्यानं शाफ्ट हातानं हळूहळू फिरवला आणि मधेच थांबवला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, फिरताना वळायला म्हणून. दोन्ही टोकं एका ओळीत यायला हवीत. इकडचं टोक सरळ होतं आणि तिकडचं थोडं तिरपं. लेथवाल्यानं शाफ्ट मधून उघडून साफ केला होता, आणि परत घालताना आतले दाते चुकून पुढं-मागं बसले होते. ओळखायला म्हणून कंपनीनं केलेल्या खुणा होत्या, पण त्यावर त्यानं काळा रंग मारून टाकला होता.

"लेथवाल्याचा रंगच नडला," मिस्त्री म्हणाला. हसायला लागला. गाडीखाली आडवा पडून, पोट हलेपर्यंत हसला. मलाही हसू आलं. बाहेरून बायको विचारत होती, "काय झालं? सापडलं का?" आणि आम्हाला सांगता येईना.

शाफ्ट काढला, ओढून उघडला, रंग खरवडला, खुणेला खूण लावून परत बसवला. एवढंच काम. चहा यायच्या आत झालं.

ह्या वेळी मिस्त्री आला नाही. म्हणाला, तुमी दोघं जाऊन या. मला वाटतं त्यालाही धाकधूक होती. आम्ही आमच्याच कामासाठी बाहेर काढलेली चार पातेली मागं टाकली होती, ओझं असलं की गाडी कशी चालते ते बघायला. हायवेला लागलो. चौथा. पाचवा. मी हळूहळू पाय दाबला. पन्नास. घूं नाही. साठ. नाही. मी आरशात बघितलं, तो स्थिर होता आणि त्यात मागचा कालव्यावरचा पूल स्पष्ट दिसत होता. मी बायकोकडं बघितलं नाही. मला भीती वाटत होती.

ती नेहमीच्या आवाजात, अंगणात बोलावं तशी, म्हणाली, "आवो, ते मधलं पातेलं सैल बांधलंय तुमी. वाजायलंय."

मी ऐकलं. खरंच मागं पातेलं वाजत होतं. टण्, टण्. वर्षानुवर्षं ते असंच वाजत, आपटत आलं असणार, आणि आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आमच्या पातेल्यांना पोचे येतात ते आचाऱ्यांमुळं असं समजून ती किती आचाऱ्यांशी भांडली होती!

मी गाडी बाजूला घेतली. पातेलं बांधायला म्हणून उतरलो, पण थोडा वेळ हौद्याला धरून नुसता उभा राहिलो. कपाशीच्या शेतात बायका वेचणी करत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. किती दिवसांचं ओझं अंगावरून उतरलं ते मला तेव्हा कळलं. ती खाली उतरून आली आणि म्हणाली, "झालं न्हाई का अजून? एक गाठ मारायला एवढा वेळ?"

"झालं," मी म्हणालो.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं मात्र नाही. नव्या गिअरबॉक्सची सवय व्हायला मला वेळ लागला. जुन्या गिअरबॉक्समधे रिव्हर्स डावीकडं अगदी कडेला, पुढं असायचा. नव्यात तो उजवीकडं मागं. तिथं डावीकडं पुढं आता पहिला गिअर. तुळशीचं लग्न झाल्यावरच्या पहिल्याच कामाला, एका वाड्याच्या अंगणात, मला गाडी मागं घ्यायची होती. बायको मागं उभी राहून हात हलवत होती, "येऊ द्या, येऊ द्या." माझा हात सवयीनं डावीकडं गेला. मी क्लच सोडला आणि गाडी पुढं गेली, आचाऱ्याच्या चुलीकडं. तिथं बुंदीचा घाणा पडत होता. आचारी झारा घेऊन बाजूला उडाला. मी ब्रेक दाबला तेव्हा गाडीचं नाक चुलीपासून हातभरावर होतं. नवऱ्या मुलीचे मामा धावत आले.

"पहिल्यांदाच गाडी चालवायलात का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, न्हाई," बायको मागून ओरडली. "गिअर नवीन हाय. माणूस जुना हाय."

सगळे हसले म्हणून निभावलं. मग तिनं गिअरच्या दांड्याच्या मुठीवर टिकल्यांनी मागं जायची खूण चिकटवली. लाल मोठी टिकली, तिथं रिव्हर्स.

गाडीत बोलता यायला लागल्यावर आमची गाडीतली पहिली भांडणंही झाली. पहिलं भांडण झालं ते मी रस्त्यात एकाला बसवून घेतलं म्हणून. दुसरं, मी वेग वाढवला म्हणून. आवाज नसल्यामुळं मला वेग कळायचा नाही. ती म्हणायची, "एवढ्या जोरात कावून? पातेल्यांना काय लग्न घाईनं लागणार हाय का?" पूर्वी ती तळहात खाली दाबायची आणि विषय संपायचा. आता विषय संपत नाही. मी तक्रार करत नाही.

हुरड्याच्या दिवसांत आम्ही पुन्हा अंबाजोगाईला गेलो. त्याच काचेच्या खोलीत ती बसली. ह्या वेळी मी व्हरांड्यात गेलो नाही. बाकावरच बसून राहिलो, पण तिच्या बोटाकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या पोलिओच्या चित्राकडं बघत राहिलो. डॉक्टरांनी आधीचा रिपोर्ट आणि आताचा शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले.

"वाढलेलं नाही," ते म्हणाले. "आहे तिथंच आहे. हे चांगलं आहे. आवाज कसे आहेत कानातले?"

"हायेत," ती म्हणाली, "पण कमी. काम चालू असलं की येत न्हाईत. झोपताना येतात थोडे."

"मग असंच राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघा, म्हणत होते ना मी," आणि तिनं काय म्हटलं होतं ते मला काही आठवेना. पण मी हो म्हणालो. मला कशालाही हो म्हणायचं होतं. दारात पेरू विकणाऱ्या बाईकडून मी उगाच पिशवीभर पेरू घेतले.

तिच्या बहिणीकडं जेवलो. दुपारी बहीण म्हणाली, "अक्का, आता आलीच हाईस तर धर्मापुरीला जाऊ. देऊळ बघून येऊ. किती वर्षं नुसतं म्हणायलो आपण." खरं तर आमच्या परतीच्या वाटेच्या हे बरोबर उलट. पूर्वी मी कधी तयार झालो नसतो; विनाकारण ती गाडी कोण पळवणार? त्या दिवशी मी चावी उचलली.

केबिनमधे तिघं बसलो. दोघी बहिणी पलीकडं, चिकटून. रस्ता चांगला होता, दोन्ही अंगांना ज्वारी आणि हरभरा. पाचवा गिअर टाकला आणि गाडी आपली चालत राहिली. दोघींनी जी बोलायला सुरुवात केली, त्या धर्मापुरीची वेस येईपर्यंत थांबल्या नाहीत. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या घरी कोण गेलतं, लहानपणी माहेरच्या विहिरीवर कोण पडलं होतं आणि कुणी ढकललं होतं. हळू आवाजातलं काही सांगायचं असलं तर बहीण तिच्या कानाशी जायची. बाकीचं सगळं साध्या आवाजात. देवळात पोचलो तर दगडातल्या बाया बघताना तेच, ही आपल्या मावशीसारखी दिसती, हिच्या हातात आरसा हाय बघ, आन् ही बघ कशी मुरडायली. मी पायरीवर बसून पेरू खाल्ला.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. विहिरीची गोष्ट पुन्हा सुरू झाली होती आणि त्यात मला एक गोष्ट ठाऊक होती, कारण ती मला त्यांच्या भावानं एकदा सांगितली होती. मी मधेच म्हणालो, "अगं, पण तेव्हा विहिरीवर..."

"तुमी गाडी बघा," दोघी एकदमच म्हणाल्या.

मी गाडी बघितली. रस्ता मोकळा होता.